गेदराच्या डोक्यातली झोप

आधी माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. ज्यांनी हिमालय पाहिला, ज्यांना झाडांची आणि पक्ष्यांची नावं ठाऊक आहेत, त्यांनी ते लिहावं. मी जत तालुक्यातला. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नाही. वडील गवंडी आहेत, आई त्यांच्या हाताखाली दगड-माती देते. यंदाच्या मे महिन्यापर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता, आणि पाहिला तोही माशांची डोकी गोळा करायला गेलो म्हणून. आमच्या वार्षिक अंकाचे संपादक म्हणाले, "रत्नागिरीला जाऊन आलास ना, मग चार पानं दे." मी नको म्हणालो. पावसाळ्यात परत विचारलं तेव्हा मात्र हो म्हणालो. तिथल्या दोन माणसांबद्दल कुणाला तरी सांगावं असं तोवर वाटू लागलं होतं, आणि दुसरं कुठे सांगायचं ते मला कळत नव्हतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

काम काय होतं

माझ्या मार्गदर्शकांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. त्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीवर काम करतात. माणसात ही ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी असते. अंधार पडला की तिच्यापर्यंत आलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं द्रव्य सुटतं आणि ग्रंथीच्या पेशींवर ठरावीक जागी जाऊन बसतं. पुस्तकात याला कुलूप-किल्लीची उपमा देतात. मला मात्र आमच्या गावाकडचा सांगावा आठवतो. निरोप घेऊन आलेला माणूस ओसरीवर टेकतो, आणि तो टेकल्याबरोबर आत धावपळ सुरू होते. तसंच हे द्रव्य आपल्या जागी टेकलं की पेशी मेलाटोनिन बनवू लागते आणि शरीराला कळतं की रात्र झाली.

माशांचं वेगळं आहे. गेदर नावाचा मोठा मासा असतो, त्याच्या कवटीवर वरच्या बाजूला एक फिकट, पातळ ठिपका असतो. त्यातून उजेड थेट आतल्या ग्रंथीवर पडतो. म्हणजे उजेड गेला हे त्या ग्रंथीला स्वतःलाच कळतं. मग तिला निरोप्या हवा कशाला? माशाच्या ग्रंथीवर नॉरअ‍ॅड्रेनलिनला बसायला जागा असते की नसते, एवढाच आमचा प्रश्न होता.

तो सोडवायचा तर ग्रंथी वाटून पेशींची आवरणं वेगळी करायची आणि त्यात किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं एक द्रव्य घालायचं. तेही त्याच जागा शोधतं. मग सगळं गाळून गाळणीवर किती चिकटून राहिलं ते यंत्रानं मोजायचं. हे आयोडीन परदेशातून येतं आणि दोन महिन्यांत त्याचा निम्मा जोर जातो. ते आलं मे महिन्यात. कोकणातली मासेमारी तर पावसाच्या तोंडावर बंद होते.

बाई म्हणाल्या, "ग्रंथी काढल्या की लगेच बर्फात. पुण्यापर्यंत बर्फातच. एकदा कोमट झाल्या की त्या नाजूक जागा मोडतात, मग मोजायला काही उरत नाही." मग म्हणाल्या, "हे जमलं तर तुझी पीएच.डी.ची नोंदणी मला करता येईल. पुढच्या वर्षी मी निवृत्त होते आहे." 

आमच्या प्रयोगशाळेतले परिचर महादेवमामा मूळचे रत्नागिरीचे, खारवी समाजातले. त्यांची धाकटी बहीण सुभद्रा बंदराजवळ राहते. "तिच्याकडं रहा," मामा म्हणाले. "ती मासे खारवायचंच काम करते. डोकी तुला घरबसल्या मिळतील. भावजींना मात्र जरा सांभाळून घे. त्यांना झोप नाही."

मला वाटलं, माणूस तापट असेल म्हणून असं म्हणत असतील.

घाट उतरून

एस.टी.त मी थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरला वाटलं त्यात लस आहे. त्यांनी पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांना उठवून मला तिथं बसवलं. डबा रिकामा आहे हे सांगायचा धीर मला झाला नाही, आणि आंबा घाट उतरेपर्यंत ते गृहस्थ माझ्याकडे आदरानं पाहत उभे होते.

घाटाखाली हवा एकदम जड झाली. सडा लागला. जांभ्याचं काळपट, उघडं पठार, वर करपलेलं गवत आणि त्याच्यावर राखेच्या रंगाचं आभाळ. मधेच जमिनीत चौकोनी खड्डे दिसत. तिथून जांभ्याचे चिरे कापून काढतात. आमच्याकडे वडील काळ्या दगडाशी दिवसभर झटतात तेव्हा त्याला एक बाजू येते. इथं जमिनीतून विटेसारखा दगड कापून निघतो आणि भिंतीला गिलावाही लागत नाही. हे त्यांना सांगायचं मी ठरवलं. पुढे सांगितलंही. ते म्हणाले, "मग तिकडच्या गवंड्याला मान कमी असंल."

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण मळभ होतं. पाणी आणि आभाळ यांत कुठे रेघ नव्हती. समोर सगळं एकाच मळकट रंगाचं होतं आणि ते हलत होतं. मला थोडी भीतीच वाटली.

सुभद्रामावशी दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, काटक, आणि हातांची कातडी मिठानं पांढरट पडून भेगाळलेली.

"आलास? महादूदादानं लिवलेलं. पाय धू आदी. ह्या पेटीत काय हाय?"

"काही नाही मावशी. अजून रिकामी आहे."

"रिकामी पेटी घिऊन कोण येतो पावण्याकडं?" असं म्हणून त्या हसल्या. मी ओशाळलो. आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी पिशवीत होती, ती काढून पुढे केली. त्यांनी बोटानं चाखली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हां. आता आलास."

जेवायला भाताचा ढीग, माशाचं लालभडक कालवण आणि सोलकढी. आमच्याकडे सणाला मटण होतं, पण मासा मी कधी खाल्ला नव्हता. पहिल्याच घासाला काटा अडकला. मावशींनी कोरड्या भाताचा मुटका गिळायला लावला, आणि मग माझ्या ताटातला मासा पुढ्यात ओढून लहान मुलाला द्यावा तसे काटे काढून दिले. मी एकवीस वर्षांचा आहे. पण मला बरं वाटलं. ज्वारीच्या भाकरीवाचून पोट भरल्यासारखं काही वाटत नाही हे मात्र मी कुणाला बोललो नाही.

पडवीत एक उंच, हडकुळा माणूस जाळं शिवत बसला होता. त्यांनी मान वर केली. डोळे लाल, आत गेलेले, आणि फार शांत. ते गोविंदकाका, बोटीवरचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे मुख्य.

टाक्यांपाशी

मावशींचं काम बंदराच्या मागच्या बाजूला चाले. तिथं सिमेंटच्या टाक्या होत्या. बायका मोठ्या माशांची डोकी उडवत, पोट फाडून साफ करत, मीठ चोळत आणि टाकीत थरावर थर रचत. मीठ, मासा, मीठ, मासा. पावसाळ्यात दर्यावर बोट जात नाही. तेव्हाचं घरचं कोरड्यास, म्हणजे तोंडीलावणं, आणि विकायचा माल, दोन्ही या दिवसांत तयार होतं. वास असा की पहिल्या दिवशी मी दोनदा लांब जाऊन उभा राहिलो.

डोकी मागितली तेव्हा शेवंता नावाची एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रं घाटी, आवशीनं डोकं दिलं नाय काय, हयसर मागाया आलास?" सगळ्या बायका हसल्या. मी खाली मान घालून पिशवीतून कात्री आणि चिमटा बाहेर काढला. कवटीचा फिकट ठिपका कात्रीनं उघडला, चिमटा आत घातला आणि ती इवलीशी गाठ अलगद उचलून शिशीत टाकली.

शेवंता वाकून बघत होती. "एवढंसं? उवंएवढं? ह्याच्यापायी घाट उतरलास?"

"मोठं असतं तर घाट चढून तूच न्हेऊन दिलं असतंस," मावशी म्हणाल्या. "काम करूं दे त्याला."

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'मुंडीवाला' पडलं. हाक आली, "ए मुंडीवाल्या, हे बघ तुझं!" की मी शिशी घेऊन धावायचो. गाठ काढून झालेलं डोकं मावशी टाकू देत नसत. ती डोकी घरी येत, त्यांचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, होई, आणि जेवताना माझ्या ताटात मान म्हणून सगळ्यात मोठं डोकं पडे. कवटीवर माझ्याच कात्रीचं भोक असे. सकाळचा प्रयोग मी रात्री भाताबरोबर जेवत होतो.

शिश्या बर्फात ठेवायच्या, बर्फ रोज कारखान्यातून आणायचा, वितळलेलं पाणी काढायचं. डबा हळूहळू भरत होता. मला वाटू लागलं होतं की हे जमेल.

काका

काका एक दिवसाआड बोटीवर जात. बोट नसली की पडवीत जाळं. मी शिश्यांवर खुणा करत त्यांच्याजवळ बसायचो. ते फारसं बोलत नसत. एकदा दुपारी सुई थांबवून त्यांनी विचारलं, "त्या गाठीत असतं काय?"

"काका, रात्र झाली हे शरीराला सांगणारं एक द्रव्य तिथं तयार होतं."

"म्हंजे झोप."

मी अडखळलो. "झोपच, असं म्हणता येणार नाही. पण झोपेशी काही संबंध असावा."

"असावा," काका म्हणाले. "फुडं खडक असावा म्हणून बोट हाकली तर काय व्हईल?"

मग तेच पुढे बोलले. तरुणपणी ते मोठ्या जहाजावर खलाशी होते, तिथं रात्रीचा पहारा असे. नंतर स्वतःची बोट आली, तिथंही रात्री जागं कुणीतरी हवंच. "लोक म्हणतात, गोविंद तांडेलाची बोट सुखाची. बाकीचे घोरतात, मी बघतो. तसं बघता बघता झोप कुटं दर्यात पडली ते कळलं नाय. आता घरात निजलो तरी डोळा लागत नाय. दोन घटका ग्लानी येते, तेवढीच."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. जाळं कुठे फाटलंय ते सांगावं तसं सांगितलं.

तक्रार मावशींची होती. दुसऱ्या दिवशी टाकीपाशी मीठ चोळता चोळता त्या एकदम बोलायला लागल्या. जायफळ दुधात उगाळून झालं. टाळूला तेल झालं. दोन डॉक्टर झाले, गोळ्यांनी माणूस दिवसभर भिंतीला टेकून राही आणि रात्री परत टक्क जागा. ग्रामदेवीला गाऱ्हाणं घातलं. "रातीची मी जागी झाले की इचारते, झोपलात काय? तर म्हणतात, झोपलो. दरवेळी बोलतात, झोपलो!"

शेवंता खो खो हसली. मावशीही हसल्या आणि हसता हसता मनगटानं डोळे पुसायला गेल्या. हाताला मीठ होतं, ते डोळ्यांत गेलं. मी तांब्यातून पाणी दिलं.

डोळे धुऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याच्यातनं औषध निघंल काय रं?"

"मावशी, हा प्रयोग औषधाचा नाही. आधी फक्त जागा आहे का ते पाहायचं. औषध फार लांब आहे."

"लांब असूं दे. पण निघंल न्हवं?"

खरं उत्तर 'मला माहीत नाही' हे होतं. मी म्हणालो, "निघेल कधीतरी." तेही खोटं नव्हतं. पण त्यांनी 'कधीतरी' ऐकलं नाही असं मला वाटतं. त्या दिवसापासून माझं काम हे त्यांचं काम झालं. मोठी डोकी त्या आधीच बाजूला काढून ओल्या गोणपाटाखाली ठेवू लागल्या. कुणी एखादं डोकं मांजराला टाकलं तर तिच्यावर ओरडत. आमच्याकडे बाईमाणूस इतकं मोकळं बोलत नाही. आईला वडिलांच्या झोपेबद्दल परक्या मुलाशी बोलताना मी कल्पनेतही आणू शकत नाही. इथं ते सगळ्यांच्या देखत, मासे कापता कापता झालं.

बर्फ

निघायचा दिवस ठरला होता. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे वारा उठला. माड वाकले, कौलं उडाली. कुठेतरी विजेचे खांब पडले आणि गावातली वीज गेली. बर्फाचा कारखाना बंद. होता नव्हता तो बर्फ माल मुंबईला पाठवणाऱ्यांनी उचलला. बोटी किनाऱ्याला ओढून घेतल्या. यंदाची मासेमारी संपली असं लोक बोलू लागले. म्हणजे डब्यात होतं तेवढंच माझं. आता नवीन काही मिळणार नव्हतं.

डबा उघडून पाहिला. शिश्या अर्ध्याअधिक पाण्यात होत्या. पावस गावाच्या बाजूला एकाकडे जनरेटरवर बर्फ होतो असं कुणीतरी सांगितलं. मी मावशींना म्हणालो, "मी जाऊन बर्फ घेऊन येतो. तोवर झाकण उघडू नका. थंड आहे तोवर बरं. बर्फ संपला तर सगळं नासलं समजा."

"सगळं?"

"सगळं."

हा शब्द मी इतक्या जोरानं म्हणायला नको होता असं नंतर वाटलं.

एस.टी. रस्त्यात पडलेल्या झाडापाशी थांबून राहिली. मी उतरून चालू लागलो. कारखान्यात मालक जेवायला गेलेले. ते आल्यावर त्यांना सगळं समजावून सांगण्यात वेळ गेला. त्यांना वाटलं घरात कुणाचं प्रेत ठेवायचंय, म्हणून त्यांनी हळहळून मोठी लादी काढून दिली. भुसा घालून ती गोणपाटात बांधली आणि आंबे नेणाऱ्या एका टेम्पोच्या मागे बसून परत आलो. कपडे ओले, हात बधिर. पण लादी शाबूत होती. मला फार बरं वाटत होतं.

मावशी पडवीत बसल्या होत्या. पुढ्यात लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेलं.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "तू गेलास आनी दोन घटकांत बर्फाचं पानी झालं. मी नुसतं बाहेरनं हात लावून बघत व्हते. पेटी कोमट लागाया लागली. म्हटलं, पोराचं सगळं नासतं. मग उघडली. एकेक गाठ काढली, मिठाच्या पान्यात धुतली आनी बारीक मिठात रचली. थरावर थर. हाताला धरवत नव्हत्या, इतक्या बारीक. एक पन फोडली नाय." त्यांनी फडकं सोडून बरणी माझ्या नाकापाशी धरली. "वास येतो काय? नाय येत. आता वरीसभर काय व्हनार नाय."

आत पांढरं, दाणेदार मीठ दिसत होतं. त्यात कुठे कुठे आखडलेले, राखाडी ठिपके.

शेवंता पायरीवर बसली होती. या वेळी ती हसत नव्हती. म्हणाली, "आज टाकीवर आली नाय ती. सकाळपास्नं हेच करत बसलेली. डोळं फुटलं असतं तिचं."

मी बरणी हातात घेतली. मिठात घातलेला मासा सडत नाही हे खरं आहे. मावशींनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं, आणि फार नीट केलं होतं. पण आम्हाला मांस टिकायला नको होतं. त्या निरोप्याच्या टेकायच्या जागा टिकायला हव्या होत्या, आणि त्या पाण्यानं, उबेनं, मिठानं मोडतात. खरं तर बर्फ वितळला तेव्हाच बहुतेक गेल्या असतील. 

"बरं केलंत मावशी," मी म्हणालो.

गोणपाटातून पडवीभर पाणी गळत होतं. काका जाळं बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत होते.

सकाळी ते स्टँडवर सोडायला आले. बरणी त्यांनी धरली होती. गाडी लागली. मग हळूच म्हणाले, "बिघडलं न्हवं?"

मी म्हणालो, "तपासून पाहू काका."

"मला असावा-बिसावा नको सांगू."

"हो. बिघडलं."

त्यांनी मान हलवली. "तिला सांगू नको. माझी झोप काय, येल तर येल. हे कळलं तर तिची पन जाईल."

मग खिडकीतून बरणी माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी हलायच्या आत वळून चालू लागले. घाट चढेपर्यंत मी काही पाहिलं नाही. बाहेर काय होतं ते विचारू नका.

पुणे

बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बरणी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "किती काळजीनं रचलंय." मग म्हणाल्या, "आयोडीन तसंही वाया जाणार. लावून बघू."

आम्ही मीठ धुऊन काढलं, ग्रंथी वाटल्या, आवरणं वेगळी केली, आयोडीन घातलं, गाळलं आणि मोजलं. नुसत्या कोऱ्या गाळणीवर यंत्र जो आकडा दाखवत होतं, जवळपास तोच या गाळणीवर दाखवला. काहीच चिकटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "जागा मुळातच नव्हत्या, की होत्या आणि आपण गमावल्या, हे यावरून कुणीच सांगू शकणार नाही." निकाल वाईट आला असता तरी तो निकाल असता. हा निकालच नव्हता. त्यानंतर माझ्या नोंदणीचा विषय बाईंनी काढला नाही. मीही नाही.

महादेवमामा रोज परीक्षानळ्या धुता धुता विचारायचे, "काय भाच्या, सुभद्राचं काम झालं का?" ते 'तुझं काम' म्हणत नसत. मी काकांना शब्द दिल्यासारखं झालं होतं, म्हणून म्हणायचो, "चाललंय मामा." तेच ते तिकडे कळवत. रत्नागिरीहून पावसाळ्याआधी सुक्या माशांची एक पुडी माझ्यासाठी आली. खोलीतल्या मुलांनी वासावरून गोंधळ केला, पण मी ती टाकली नाही. आमटीत घालून एकटाच खाल्ली.

श्रावणात मामांना तार आली आणि ते घाईनं गावी गेले. कशासाठी ते विभागात कुणाला माहीत नव्हतं. तेरावं उरकून पंधरवड्यानं परत आले. आल्याबरोबर कोट अडकवून नळ्या धुवायला लागले. मी जवळ जाऊन उभा राहिलो. नळ बंद न करता, माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं.

पावसामुळं बोट बंद होती. काका दुपारी जेवून पडवीत खाटेवर आडवे झाले होते. मावशी भांडी घेऊन बाहेर आल्या तर त्यांचे डोळे मिटलेले आणि हात छातीवर. मावशी तिथंच थबकल्या. भांडी न घासता तशीच जमिनीवर ठेवली. हळूच अंगावर चादर घातली. गल्लीत पोरं खेळत होती त्यांना तोंडावर बोट ठेवून लांब पाठवलं. कोंबड्या मागच्या दारी कोंडल्या. शेवंता मोठ्यानं हाक मारत आली तर धावत जाऊन तिचं तोंड दाबलं आणि कानात म्हणाल्या, "लागला गो डोळा. झोपलेत. बोलू नको."

मग आळीत एकानं दुसऱ्याला सांगितलं. गोविंद तांडेल झोपलाय. दुपारभर त्या दारावरून जाणारी माणसं पायताण हातात घेऊन जात होती. शेवंतासुद्धा पायरीवर गप्प बसून राहिली. कुणी रेडिओ लावला नाही. मावशी उशाशी बसून माश्या वारत होत्या.

तिन्हीसांजा झाल्या. दिवेलागणीला घरात कुणी निजलेलं असू नये, लक्ष्मी यायची वेळ असते. मावशींनी देवापाशी दिवा लावला, तुळशीत लावला, आणि मग त्या काकांना उठवायला गेल्या.